पदनामाच्या रकान्यात 'मेंढपाळ' : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : समतेवरच्या परिषदांमध्ये वक्ता म्हणून कुणाला बोलवायचं, याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे 'विविधता, समता आणि समावेशन' या विषयावर दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद झाली. संयोजन समितीत मीही होते, म्हणून इथे जे लिहिते आहे त्याची जबाबदारी माझ्यावरही येते.

पत्रिकेवर अकरा वक्ते होते. सगळे अभ्यासू, तयारी करून आलेले. पण अकराच्या अकरा प्राध्यापक, प्राचार्य नाहीतर अधिकारी. भटक्या समाजांवर एक अख्खं सत्र होतं, त्यात पालावर वाढलेलं कुणीच नव्हतं. दिव्यांगांच्या हक्कांवर भाषण झालं ते ज्या व्यासपीठावरून, त्याला पाच पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता.

बाराव्या वक्त्या म्हणून मी फलटण तालुक्यातल्या एका धनगर बाईंचं नाव सुचवलं होतं. त्यांची मुलगी आमच्याकडे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती; त्यांच्या वाड्यातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं. दिवाळी झाली की हा वाडा घाट उतरून कोकणात जातो, भात काढून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरं बसवतो, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत देशावर येतो. शिक्षण सुटतं कसं आणि टिकतं कसं, हे या बाईंइतकं आमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

वक्त्यांसाठी एक छापील फॉर्म असतो. नाव, पदनाम, संस्था, शैक्षणिक पात्रता, बँक खाते. कार्यालयातल्या लिपिकांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "मॅडम, पदनाम काय लिहू?" मी 'मेंढपाळ' लिहिलं, पात्रतेत 'चौथी पास' आणि संस्थेचा रकाना मोकळा सोडला. दोन दिवसांनी फॉर्म परत आला. साधनव्यक्ती म्हणून बसत नाही, मानधन काढता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी 'लाभार्थी मनोगत' म्हणून पाच मिनिटं देता येतील.

मेंढरं जावेवर सोपवून त्या महाडच्या बाजूनं पोलादपूर, महाबळेश्वर करत एसटीनं साताऱ्याला आल्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात पंचवीसेक माणसं उरली होती, बाकीची व्हरांड्यात प्रमाणपत्रांच्या रांगेत होती. माइक त्यांच्या उंचीला कुणी खाली केला नाही. मग माइक सोडून त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि पहिल्या रांगेसमोर उभं राहून म्हणाल्या, "दिवाळीला तुमचं होस्टेल बंद हुतं. समद्या पोरी घरी जात्यात. आमचं घर त्याच टायमाला घाट उतरायला निघतंय. मग माझ्या पोरीनं जायाचं कुठं?"

महोदय, ही मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात होती. दिवाळीच्या सुट्टीत ती मैत्रिणींच्या घरी आळीपाळीनं राहते, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. अकरा भाषणांतल्या एकातही सुट्टीत बंद होणाऱ्या वसतिगृहाचा विषय निघाला नव्हता.

मग त्या जातपडताळणीवर बोलू लागल्या. धनगर समाजाला भटक्या जमाती (क) मधून 3.5 टक्के आरक्षण आहे, पण त्याचा लाभ कागदावाचून मिळत नाही. भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. मुलीचे आजोबा कुठल्या शिवारात जन्मले, हे घरातली म्हातारी माणसं झाडाच्या खुणेसकट सांगतात, दाखला मात्र कुणाकडे नाही. शाळेत नाव घातलं असतं तर जुनी नोंद मिळाली असती. फिरत्या वाड्यातल्या मुलाचं नाव त्या काळी कोण घालणार? हे सांगून होतंय तोच वेळ संपल्याची घंटी वाजली. शाल आणि नारळ देऊन त्यांना निरोप दिला गेला. जाण्यायेण्याचं तिकीट मी माझ्या खिशातून दिलं. बुडालेल्या दोन दिवसांचं कुणी विचारलंही नाही, आणि बिल काढायचं तर त्यासाठी रकानाच नाही.

वसतिगृहाच्या रेक्टर त्या पंचवीस जणांत होत्या. त्यांनी तिथंच वहीत टिपून घेतलं. येत्या दिवाळीत दोन खोल्या उघड्या ठेवायचं ठरलं आहे. मेस बंद राहणार आहे, त्यावर अजून भांडते आहे. पाच मिनिटांच्या बोलण्यातून एवढं झालं.

1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्यांनी नावाखाली आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली होती. त्यांचं मूळ गाव आमच्याच जिल्ह्यातलं कटगुण. परक्या सरकारच्या आयोगानं ते निवेदन घेतलं, दप्तरी ठेवलं. आणि ज्यांच्या नावानं आज साताऱ्यात विद्यापीठ उभं आहे, ते कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढताना आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवताना त्यांना कुणी शैक्षणिक पात्रतेचा रकाना भरायला लावला असता तर? हा प्रश्न मला त्या फॉर्मपासून सतत छळतो आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमांनुसार महाविद्यालयांत वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांसाठी समान संधी कक्ष असायला हवा. आमच्याकडेही आहे, दारावर पाटी आहे. पण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना तिथं बोलावून त्यांचं म्हणणं लिहून घेण्याची पद्धत नाही. म्हणून माझी मागणी छोटी आहे. शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या पैशातून समतेवर परिषद होणार असेल, तर निदान एक पूर्ण सत्र अशा वक्त्याला द्यावं ज्याची पात्रता त्याचा अनुभव आहे. पत्रिकेवर त्यांचं नाव इतरांच्या बरोबरीनं छापावं, 'लाभार्थी' हा शब्द काढावा. मानधन प्राध्यापकांना मिळतं तेवढंच मिळावं आणि प्रवासखर्चासोबत बुडालेला रोजही द्यावा. व्यासपीठाला रॅम्प नसेल तर कार्यक्रम जमिनीवर घ्यावा. यासाठी कायदा लागत नाही. आपल्या विभागाचं एक परिपत्रक आणि त्या फॉर्ममध्ये दोन ओळींची दुरुस्ती पुरे आहे.

यंदाही परिषद आहे आणि मी पुन्हा त्याच बाईंचं नाव देणार आहे, या वेळी बीजभाषणासाठी. परिपत्रक काढायचं मनात आणलंत तर कृपा करून दसऱ्याच्या आत काढा. तोवर वाडा फलटणकडे असतो, मला जाऊन निमंत्रण हातात देता येईल. दिवाळीनंतर त्यांचा फोन रेंजमध्ये सापडला तरच लागतो.

आपली विश्वासू,
समाजशास्त्राची एक शिक्षिका, जि. सातारा