चौथ्या खेळीनंतरचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या मुलांच्या पानावर 'चार खेळ्यांत मात' ही आकृती छापून आली. पांढऱ्याचं प्यादं ई-४ वर (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), मग वजीर एच-५, उंट सी-४, आणि शेवटी वजिराने एफ-७ चं प्यादं मारून मात. सोमवारी माझ्या वर्गात सात मुलं एवढं एकच खेळत होती. सात ते दहा वर्षांच्या मुलांना मी सोळा वर्षं बुद्धिबळ शिकवते आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आकृतीत चूक नाही. सुरुवातीला एफ-७ च्या प्याद्याला फक्त राजाचा जोर, म्हणजे राखण, असते. तिथे वजीर आणि उंट दोघांचा रोख लागला आणि समोरच्याचं लक्ष नसलं, तर मात होते. हे प्रत्येक मुलाला कळायलाच हवं. पण आकृती चौथ्या खेळीवर थांबते, आणि समोरचा चुकला नाही तर डाव तिथे थांबत नाही.

माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. ही मात शिकल्यावर त्याने ओळीने अकरा डाव जिंकले. बाराव्या डावात समोरच्या मुलीने तिसऱ्या खेळीला जी-६ केलं. एच-५ च्या वजिरावर एका प्याद्याचा मारा! त्याने वजीर एफ-३ वर घेतला, पुन्हा एफ-७ वर रोख. तिने घोडा एफ-६ वर काढून वाट अडवली. त्याने वजीर बी-३ वर नेला. तिचा दुसरा घोडा डी-४ वर येऊन त्याच वजिरावर उभा राहिला. पुढे काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. डाव हरून तो माझ्याकडे रडत आला, "मी तर एकही मोहरा फुकट दिला नव्हता."

मी त्याला कागदावर दोन रकाने आखून दिले आणि पहिल्या पाच खेळ्या मोजायला लावल्या. त्याच्या पाचांपैकी तीन खेळ्या एकट्या वजिराच्या. बाहेर आलेला दुसरा मोहरा एकच, उंट. तिचे दोन्ही घोडे बाहेर, आणि जी-६ मुळे उंटाला जी-७ ची जागाही मोकळी. शिवाय एफ-३ हे त्याच्या घोड्याचं हक्काचं घर. तिथे वजीरच जाऊन बसला होता. मोजता मोजता तो गप्प झाला. "वजीर लवकर काढू नकोस" हे मी त्याला आधी कितीदा तरी सांगितलं होतं. ते कळलं त्या दिवशी.

वजीर नऊ गुणांचा, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादं एक. आपल्याहून स्वस्त मोहऱ्याने मारा केला की वजिराला बहुतेक वेळा हलावंच लागतं, मग त्याला कितीही जोर असो. समोरचा त्याला हुसकावता हुसकावता स्वतःचे घोडे-उंट चांगल्या घरांवर आणतो. आपली खेळी पळण्यात जाते, त्याची मांडणीत.

नावाचा विचार केला की मला नेहमी गंमत वाटते. युरोपात हा मोहरा राणी, आपल्याकडे वजीर. पूर्वी तो तिरका एकच घर चालत असे. आजची ताकद त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. एक घर चालणारा वजीर लवकर बाहेर पडून करणार तरी काय!

मोठी मुलं माझ्याशी वाद घालतात, की २००५ साली अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांनी भारताच्या कृष्णन शशिकिरण यांच्याविरुद्ध दुसऱ्याच खेळीला वजीर एच-५ वर आणला होता. खरं आहे, आणि तो डाव शशिकिरण जिंकले. समोरचा ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवलेला खेळाडू) चौथ्या खेळीला मात खाईल, या आशेवर कोणी तशी खेळी करत नाही. स्कँडिनेव्हियन बचाव या काळ्याच्या सुरुवातीतही काळा वजीर दुसऱ्याच खेळीला डी-५ वर येतो. आनंद यांनी १९९५ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारॉव यांच्याविरुद्ध चौदाव्या डावात तो वापरला होता. तिथे सी-३ चा घोडा वजिराला हुसकावणार हे आधीच धरलेलं असतं, आणि मोबदल्यात पांढऱ्याचं मधलं प्यादं पटावरून गेलेलं असतं.

म्हणून मी मुलांना बंदी घालत नाही, एक प्रश्न देते: "तुझ्या वजिरावर कोण मारा करेल, आणि त्यात त्याचा नवा मोहरा बाहेर येईल का?" बाकीचं थोडक्यात सांगता येतं: मधली प्यादी, घोडे, उंट, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र खेळी, राजाला सुरक्षित करणारी).

दाखवायला माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी यांचा पॅरिसच्या ऑपेरातला १८५८ चा डाव असतो. त्यातही पांढरा वजीर पाचव्या खेळीला बाहेर येतो, पण काळ्याने घोड्यासाठी उंट दिल्यामुळे, परत मारताना, एकही खेळी न गमावता. पुढे तो बी-३ वरून एकदम एफ-७ आणि बी-७ वर रोख धरतो. काळा वजीर बचावाला ई-७ वर येतो आणि आपल्याच उंटाची वाट बंद करतो. सतराव्या खेळीला मात होते तेव्हा तो एफ-८ चा उंट आणि एच-८ चा हत्ती जागचे हललेलेही नसतात. पांढऱ्याने तर वजीरही देऊन टाकलेला असतो. राजा आणि प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट, एवढ्यावर मात. मुलं शेवटची आकृती पाहून आधी काळ्याचे मोहरे मोजतात, मग माझ्याकडे बघतात.

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी तीच आकृती पुन्हा छापा, फक्त काळ्याच्या बाजूने. पांढरा वजीर एच-५ वर, उंट सी-४ वर, खेळी काळ्याची. खाली एवढंच विचारा: 'आता तुम्ही काय खेळाल?' माझ्या वर्गातली सात उत्तरं मी मंगळवारपर्यंत आपल्याला पाठवते.

आपली,
एक बुद्धिबळ शिक्षिका