डबल बेल दिल्याबद्दल, मॅडम

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

पेढे आणले, ते तुम्ही वेटिंगमधल्या पेशंटांना वाटून मोकळ्या झालात आणि आभार मानायचे राहूनच गेले. आता चारचौघांत मानते. लकव्यानंतर हातापायाच्या व्यायामाला माणूस लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्या बोलण्यासाठीही तुमच्यासारखं कुणी, म्हणजे स्पीच थेरपिस्ट असतं, हे सांगलीत राहूनही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वडिलांची, आण्णांची, सगळी नोकरी एसटीत गेली, कंडक्टर म्हणून. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवणारा माणूस, आणि लकव्याच्या अ‍ॅटॅकनंतर तोंडात दोनच शब्द उरले, ‘हाय की’. चहा हवा तरी ‘हाय की’, नको तरी ‘हाय की’. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे असाच एक पेशंट होता, त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला निघाला. ही गोष्ट तुम्ही आईला इतकी रंगवून सांगितलीत, की ती आता अख्ख्या गल्लीला सांगते. ब्रोकांचं नाव मात्र दर खेपेला वेगळं असतं.

भेटायला येणारे आण्णांशी ओरडून बोलायचे, जसे काही कानच गेलेत. कुणी त्यांच्यादेखत आईला विचारायचं, “ह्यांना कळतं का हो काही?” आण्णांना कळत होतं. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

तुम्ही आलात त्या दिवशी आधी टीव्ही बंद करायला लावलात. खुर्ची ओढून आण्णांच्या नजरेसमोर बसलात आणि विचारलंत, “ही खिडकी आहे का?” तुमचा हात उशीवर होता. मान हो म्हणाली, तोंड ‘हाय की’ म्हणालं आणि हात मात्र नको-नको करत होता. आम्ही नुसतं तोंडाकडे बघत होतो, तुम्ही हाताकडे बघितलंत. मग आईला नोकरीबद्दल विचारून घेतलंत आणि आण्णांचा चांगला हात धरून पलंगाच्या दांड्यावर वाजवलात. कंडक्टरच्या बेलसारखंच: एक टकटक, गाडी थांबली. दोन टकटक, जाऊ द्या. एक म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. पुन्हा उशीवर हात ठेवून विचारलंत, “खिडकी?” आण्णांनी एकदाच वाजवलं आणि तुमच्याकडे असं बघितलं, की जणू विनातिकीट प्रवासी सापडलाय.

त्या एका खुणेनं घरातली निम्मी चिडचिड संपली, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

स्टॉपची तालीम तर मला अजून ऐकू येते. “आष्टा, इस्लामपूर, पेठनाका, कासेगाव…” तुम्ही त्यांच्याच हेलात म्हणायचात आणि शेवटचं गाव गाळायचात. एक दिवस आण्णांनी ‘कराड’ असं खणखणीत म्हटलं आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. तुम्ही लगेच बजावलंत की हे पाठांतर आहे, बोलणं नव्हे. मोजणी, गाणी, शिव्या या आपोआप येणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा शाबूत राहतात. (शिव्या राहिल्या होत्या. फिजिओवाल्या मुलाला विचारा.) सुरावर घेऊन शब्द बाहेर काढायची पद्धत १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये बसवली गेली, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्याकडे त्यासाठी एसटीचा सूर तयारच होता. ‘कराड’नंतर ‘पाणी’ यायला मात्र फार वेळ लागला, आणि तो लागणार हे तुम्ही लपवलं नाहीत.

खरी शिकवणी आमचीच झाली. एका वेळी एकच प्रश्न, तोही छोटा. विचारल्यावर गप्प बसायचं. आईला हे सगळ्यात जड गेलं. आण्णांनी ‘च’ म्हटला की ती चष्मा, चहा, चादर, चप्पल सगळं म्हणून टाकायची. मग तिनं पदर तोंडाला लावून थांबायची सवय केली. आण्णांना त्याचं हसू येतं, आणि हसता हसता शब्द सुटतो.

खिशातलं कार्डही तुमचंच: ‘मला लकवा झाला होता. ऐकू येतं, समजतं. बोलायला वेळ लागतो.’ आता ते सलूनमध्ये एकटे जातात आणि मिशी किती ठेवायची ते बोटानं दाखवतात.

पुढच्या महिन्यात इस्लामपूरला भाचीचं लग्न आहे. एसटीनंच जायचं असा आण्णांचा हट्ट आहे. आण्णा ज्यावर बोट ठेवून सांगतात त्या फोटोंच्या वहीत पाहुण्यांचं नवीन पान केलंय. दोन व्याह्यांचे चेहरे सारखेच दिसतात, त्याचं काय करायचं ते सांगा. शुक्रवारी वही घेऊन येते.

तुमची,
आण्णांची थोरली लेक