काका, टर्बोच्या हिशेबासाठी मनापासून आभार

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे वळता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. घरच्या घरी गाडीला टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवायचं मनात असलेली पोरं-पोरी कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना उद्यमनगरात हयात घालवलेला माणूस संध्याकाळी शेजारी बसून समजावेलच असं नाही. मला तुम्ही समजावलंत.

माझी मारुती एस्टीम 1298 सीसीची, 16 व्हॉल्व्हची, कंपनीच्या कागदावर 85 हॉर्सपॉवरची. मी सामानाची यादी घेऊन आले, तेव्हा तुम्ही टर्बोचं नावसुद्धा काढलं नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "तेल आत कुठनं जाणार ते ऱ्हाऊ दे, परत कुठनं येणार ते सांग." त्या एका प्रश्नाने माझी अख्खी यादी खालून वर लावली गेली. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. आत जाताना त्या तेलाला पंपाचा जोर असतो. बाहेर पडताना ते फेसाळलेलं असतं आणि निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, सगळीकडे उताराचा हवा, मध्ये कुठे झोळ नको, आणि तो चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवा. तसं नसेल तर तेल तुंबतं, सीलमधून सुटतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग लोक नव्याकोऱ्या टर्बोला दोष देतात. चेंबर गाडीखाली असताना ड्रिल लावायचं नाही, उतरवून त्या पाइपचं सॉकेट वेल्ड करायचं आणि धुऊनच परत चढवायचं, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. लोखंडाचा बारीक कीस बेअरिंगचं काय करतो, ते तुम्ही मला जुन्या बेअरिंगवर बोट फिरवून दाखवलंत.

मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब झाला. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुस्तकातले आकडे समुद्रकाठचे असतात, आपण साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथे हवेचा दाब एक बार नसून 0.95 च्या आसपास असतो, हे तुम्ही आधी लिहिलंत. त्यावर 0.4 बार बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, धरला तर हवा 1.42 पट दाबायची. एवढ्यानेच तीस अंशांची हवा ऐंशीच्या घरात तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर हवाच. तो नीट बसवला तर हवा पंचेचाळीसपर्यंत उतरेल असं धरून सहा हजार आरपीएमला इंजिन मिनिटाला पावणेपाच किलोच्या पुढे हवा ओढणार. बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल धरलं की मिनिटाला चारशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांत वाटलं की प्रत्येकी 135 सीसी. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांच्या वर ताणायचा नाही, म्हणजे 170 तरी हवेत. तुम्ही 200 च्या पुढचे घ्यायला सांगितलंत. टर्बो किती मोठा घ्यायचा हे ह्या हिशेबातून आपसूक निघालं.

बूस्ट 0.4 वरच का थांबवायचा, यावर मी तुमच्याशी बराच वाद घातला. तुम्ही न चिडता 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट सांगितलीत. त्या गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) टर्बोच्या मानाने जास्त होतं. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून पिस्टनला धक्के बसणं, टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावं लागे, आणि मालक ती टाकी भरायलाच विसरत. कारखान्याला जे अवघड गेलं ते आपण गॅरेजात सोपं धरायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं. माझं इंजिन टर्बोसाठी घडवलेलं नाही, पिस्टन तेच राहणार. नॉकिंग सुरू झालं तर ते ऐकू येईपर्यंत रिंगांच्या मधली कड तुटलेली असू शकते.

एका गोष्टीने तर माझे पैसे वाचले. भंगारबाजारात डिझेल गाड्यांचे छोटे टर्बो स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. पण डिझेलचा एक्झॉस्ट सातशे-आठशे अंशांच्या आसपास असतो आणि पेट्रोलचा पूर्ण जोरात नऊशेच्या वर जातो. डिझेलच्या टर्बाइनचा धातू तेवढ्या धगीसाठी नसतो. आयुष्यभर डिझेलचेच टर्बो उघडलेला माणूस "हा घेऊ नको" म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला वजन असतं.

ईसीयूबद्दलही, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दलही, तुमचाच क्रम मी धरला आहे. मूळ सेन्सरला वातावरणाच्या वरचा दाब कळत नाही, त्यामुळे वेगळा ईसीयू लागणार. मी स्पीडुइनो हा स्वतः जुळवता येणारा ईसीयू निवडला. तुम्ही म्हणालात, आधी टर्बोशिवाय त्याच्यावर गाडी चालव, थंडीत सुरू होऊ दे, ट्रॅफिकमध्ये मंद चालू दे, वाइडबँड सेन्सरचे (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या) आकडे वाचायला शीक. दोन्ही एकदम केलं तर बिघाड कुठला ते शोधता येत नाही. मॅनिफोल्डचा (इंजिनातून टर्बोकडे धूर नेणाऱ्या पाइपांचा) फ्लँज, म्हणजे हेडवर बसणारी पट्टी, 12 मिलिमीटरचा घेऊन, भंगारातल्या हेडवर आवळून मगच वेल्ड करायचा, म्हणजे तो वाकडा होत नाही, हेही लिहून घेतलं आहे.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाहीत, हे तुम्ही स्पष्ट बजावलंत. दुसरा कोणी "कोण बघतंय" म्हणून मोकळा झाला असता. आता टर्बो बसला की ही गाडी रस्त्यावर येणार नाही, ट्रेलरवरून ऑटोक्रॉसच्या, म्हणजे बंद मैदानावरच्या गाड्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर जाईल. घरच्यांनी परवानगी दिली ती याच एका अटीमुळे, तेव्हा तिथेही तुमचेच उपकार आहेत.

यातलं काहीच तुमच्या कामाचं नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना तुम्ही माझे तेच ते प्रश्न ऐकलेत आणि एकदाही उत्तर वरवरचं दिलं नाहीत. चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत. माझ्या हातात आज जी फाइल आहे ती तुमच्यामुळे आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्यामागचं कारण मला सांगता येतं. याचा आनंद फार मोठा आहे, काका.

दिवाळीनंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासणार आहे. त्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर टर्बो बाजूला ठेवून आधी इंजिन उघडायचं, हे ठरलेलंच आहे. फरक नसेल तर चेंबर उतरवेन. सॉकेट नेमकं कुठे लावायचं त्याची खूण मात्र तुमच्या हातची हवी. गाडी घेऊन न्यायला येते, वार तेवढा कळवा.

आपली,
एस्टीमवाली पोरगी