छोटे की मोठे, हा प्रश्नच चुकीचा

महोदय,

सीईटीचा निकाल लागला की पुण्यातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो: विद्यापीठाचे मोठे नाव बरे की नऱ्हे-वाघोलीकडचे छोटे अभियांत्रिकी महाविद्यालय? संलग्न महाविद्यालय कितीही छोटे असले तरी पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळते आणि लेखी परीक्षाही विद्यापीठच घेते. स्वायत्त महाविद्यालयात पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम, पेपर आणि तपासणी घरची. सीओईपी, म्हणजे शिवाजीनगरचे जुने सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, मात्र २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे.

खरा फरक इथून पडतो. संलग्न ठिकाणी हजारो उत्तरपत्रिकांच्या रांगेत निकाल रेंगाळतो, आणि एफईचे (पहिल्या वर्षाचे) सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला (तिसऱ्या वर्षाला) प्रवेश नाही. स्वायत्त ठिकाणी निकाल लवकर लागतो. पण अनेकदा शिकवणाराच पेपर काढतो, त्यामुळे शिक्षक कच्चा असेल तर गुण भरघोस मिळतात आणि मुलाखतीत उघडे पडायला होते.

म्हणून महाविद्यालय नव्हे, शाखा तपासावी. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था; पण नॅकची श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाची असते, तर एनबीएचे मानांकन एकेका शाखेचे. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ‘एनबीए’ लिहिलेले असले तरी ते तुमच्या शाखेला आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे विचारा. संकेतस्थळावरच्या शिक्षकांच्या यादीत रुजू झाल्याच्या तारखा पाहा. निम्मे लोक याच वर्षीचे असतील तर सावध व्हा. सत्र चालू असताना दुपारी प्रयोगशाळेत डोकावा. वीस जणांच्या तुकडीला चालू यंत्रे किती, हे दोन मिनिटांत कळते. शिवाय शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२४-२५ पासून काढली. ‘छोटे’ महाविद्यालय संगणक शाखेत छोटे राहिले आहे का, तेही बघा.

‘सर्वोच्च पॅकेज’ एका मुलाचे असते. त्यावरून काहीही ठरवू नये. महाविद्यालयाने एनआयआरएफला (केंद्राच्या क्रमवारीला) दिलेल्या माहितीत मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला, पगार असतो, पण तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा. उत्तीर्ण किती आणि नोकरी किती जणांना, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

सर्वांत महागात पडणारी चूक केंद्रीभूत प्रवेशाच्या पर्याय-अर्जात होते. ‘आपल्याला हेच मिळेल’ म्हणून पालक खात्रीचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की ऑटो फ्रीज होते, म्हणजे ती जागा आपोआप पक्की धरली जाते, आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. जागावाटपात तुमची यादी वरून खाली तपासली जाते. अवघड पर्याय वर ठेवल्याने खालचा हातून जात नाही. तेव्हा यादी आवडीच्या क्रमानेच भरावी, कटऑफच्या नव्हे. शुल्कमाफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा कोड वेगळा असतो, तो स्वतंत्र भरावा लागतो. आणि संस्थास्तरावरच्या (मॅनेजमेंट) कोट्यातून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही. हे पैसे भरण्याआधी विचारावे, पावती फाडल्यावर नव्हे.

– एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे