वॉरंटी संपल्यावर उघडे पडणारे दोष आणि गोव्यातला ग्राहक

मा. संपादक महोदय,

संगणकाची वॉरंटी संपली की पुढच्या प्रत्येक बिघाडाचा खर्च ग्राहकानेच सोसायचा, हा समज आपल्याकडे फार पक्का झाला आहे. दुकानदार तसे सांगतो, सर्व्हिस सेंटरही तसेच सांगते आणि ग्राहक फारशी विचारपूस न करता ते मान्य करतो. वास्तविक वापराने झिजलेला भाग वेगळा आणि कारखान्यातूनच कच्चा निघालेला भाग वेगळा. बॅटरीची क्षमता दोन-तीन वर्षांत घटते, पंख्यात धूळ साचते, कीबोर्डवरची अक्षरे पुसट होतात. हा खर्च ग्राहकाने करावा यात काहीही गैर नाही. परंतु आराखड्यात किंवा जुळणीत राहून गेलेली चूक वॉरंटीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उघडी पडली, तर तिचा भुर्दंड ग्राहकाच्या माथी का मारला जावा, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्राद्वारे मी उपस्थित करू इच्छितो.

माझ्या मुलीच्या लॅपटॉपची डावी बिजागरी एक वर्षाची वॉरंटी संपल्यानंतर थोड्याच काळात उखडली. पडदा मिटताना खालच्या कव्हरचा कोपरा वर येऊ लागला आणि काही दिवसांत फट इतकी वाढली की आतला बोर्ड दिसू लागला. लॅपटॉप कधी पडला नव्हता, त्यावर काही आदळले नव्हते. तरीही सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) ‘फिजिकल डॅमेज’, म्हणजे आघाताने झालेले नुकसान, एवढेच लिहिले, दोन्ही कव्हरे आणि पडद्याचा संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगितले आणि लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक रकमेचे एस्टिमेट हाती दिले. बिजागरी नेमकी कशामुळे उखडली, याचे कारण लेखी द्यावे अशी विनंती केली असता, तशी पद्धत नाही, असे उत्तर मिळाले.

हे कारण पुढे म्हापशातील एका कारागिराने कव्हर उघडून दाखवले. पडद्याची बिजागरी पोलादाची असते, पण तिचे स्क्रू ज्या छोट्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लॅस्टिकच्या कव्हरात रोवलेले असतात. बिजागरी घट्ट आणि प्लॅस्टिक पातळ असले, की पडदा उघडताना-मिटताना पडणारा सगळा ताण त्या नटांभोवतीच्या प्लॅस्टिकवर येतो, त्याला केसासारखे बारीक तडे जातात आणि शेवटी नट प्लॅस्टिकच्या तुकड्यासकट उपटून येतो. त्याच मॉडेलचे लॅपटॉप त्याच कोपऱ्यात तुटून आपल्याकडे येत असतात, असेही त्याने सांगितले. त्याने नवे नट बसवले, भोवती इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरले, बिजागरी थोडी सैल केली आणि एस्टिमेटच्या मानाने अगदी किरकोळ मजुरी घेतली. लॅपटॉप उघडणे आणि मिटणे हा त्याचा गैरवापर नव्हे. त्यासाठीच तर त्याला बिजागरी बसवलेली असते. नेहमीच्या वापराने एकाच मॉडेलच्या अनेक यंत्रांत एकच जागा तुटत असेल, तर दोष वापरणाऱ्याच्या हातात शोधू नये.

असे प्रकार केवळ बिजागरीपुरते मर्यादित नाहीत. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून तो सेंटरवर नेला, तर बहुतेक वेळा ‘मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला’ असे निदान होते, कारण तेथे बोर्डाची दुरुस्ती होत नाही, बोर्ड बदलला जातो. चिप लेव्हलचे, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे, काम करणारे कारागीर मात्र मीटर लावून पाहतात. पुष्कळदा चार्जिंगच्या भागातला एखादा मॉस्फेट (वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा भाग) किंवा शॉर्ट झालेला एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) निघतो आणि तो बदलला की यंत्र चालू होते. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथे असे निष्णात लोक आहेत आणि कंपनीचे स्किमॅटिक (बोर्डावरच्या जोडणीचा नकाशा) किंवा अधिकृत सुटे भाग मिळत नसतानाही ते काम निभावून नेतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ही माहिती आणि हे भाग त्यांना रास्त दराने मिळू लागले, तर काणकोण, सत्तरी किंवा पेडण्यातल्या ग्राहकाला महागड्या बोर्डासाठी शहरापर्यंत हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

गोव्यात या तक्रारीला आणखी एक पदर आहे, तो हवामानाचा. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे हवा ओलीचिंब असते आणि किनारपट्टीच्या गावांत तिच्यात खारेपणाची भर पडते. अशा हवेत बोर्डावर हिरवट गंज चढतो. तो दिसला की सेंटर ‘लिक्विड डॅमेज’ असा शेरा मारून मोकळे होते, म्हणजे ग्राहकाने चहा किंवा पाणी सांडले असे गृहीत धरले जाते. आणि हा शेरा एकदा पडला की चालू वॉरंटीचाही उपयोग राहत नाही. वास्तविक सांडलेल्या द्रवाच्या खुणा बहुधा एका जागी ओघळासारख्या दिसतात, तर दमट हवेचा गंज कनेक्टर, स्क्रू आणि उघड्या सांध्यांवर ठिकठिकाणी पसरलेला असतो. हा फरक जाणत्या माणसाला बहुतेक वेळा ओळखता येतो, फक्त तो कागदावर लिहिला जात नाही. भारताच्या किनारपट्टीवर विकायचे यंत्र येथल्या हवेत टिकेल असे बनवणे, ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

वॉरंटीनंतर उत्पादकाने दोष पदरात घ्यावा, ही मागणी अवास्तव आहे असे कोणी म्हणेल, म्हणून काही जुन्या-नव्या घटनांची आठवण करून देतो. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक आढळली, तेव्हा सामान्य ग्राहकाला तिचा त्रास होणार नाही, अशी भूमिका कंपनीने आधी घेतली. लोकांचा रोष वाढल्यावर मात्र मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे तिने मान्य केले आणि त्यापोटी ४७५ दशलक्ष डॉलरचा भार सोसला. २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपांच्या जुळणीतले साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५० ते २०० दशलक्ष डॉलरची तरतूद केली. तापणे आणि थंड होणे या फेऱ्यांत चिपखालचे सूक्ष्म सांधे तडकत होते, त्यामुळे बिघाड पहिल्या दिवशी न दिसता बऱ्याच वापरानंतर दिसे. त्या चिपा असलेल्या काही मॉडेलांची वॉरंटी डेल आणि एचपी यांनी तेव्हा वाढवली. जून २०१८ मध्ये अॅपलने मॅकबुकच्या ठरावीक मॉडेलांचे कीबोर्ड पहिल्या विक्रीपासून चार वर्षे मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली आणि आधीच पैसे भरून दुरुस्ती करून घेतलेल्यांना परताव्यासाठी संपर्क साधण्यास सांगितले. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेमुळे त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

या घटनांत एक गोष्ट समान आहे. त्या त्या वेळी अनेक ग्राहकांच्या तक्रारी एकत्र आल्या, बिघाडाचे तांत्रिक कारण उजेडात आले आणि तो सर्वांत सारखाच आहे हे दिसून आले. आपल्याकडे नेमके हेच घडत नाही. प्रत्येक ग्राहक आपापला लॅपटॉप घेऊन एकटा काउंटरवर उभा राहतो, त्याच्या जॉबशीटवर दोन शब्दांपलीकडे काही नसते, आणि शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या ग्राहकाचे यंत्र त्याच जागी तुटले आहे याचा त्याला पत्ताही नसतो. बिघाडाचे कारण ज्याला ठाऊक आहे तो ते लिहून देत नाही, आणि ज्याला ते सिद्ध करायचे आहे त्याच्या हाती काही नसते. खरेदीच्या वेळी दुकानात विकली जाणारी एक्स्टेंडेड वॉरंटीही यावर उपाय ठरत नाही, कारण तिच्यातही ‘फिजिकल डॅमेज’ सहसा वगळलेले असते.

कायदा ग्राहकाच्या विरोधात आहे असे मुळीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची जी व्याख्या आहे तीत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेख नाही. कायद्याने किंवा स्पष्ट अथवा गर्भित कराराने वस्तूचा जो दर्जा राखणे आवश्यक आहे, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष, असे ती सांगते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असो वा गुरुग्रामला, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. काही कंपन्या त्या टप्प्यावरच तडजोडीला तयार होतात. बिल, जॉबशीट, एस्टिमेट आणि तुटलेल्या भागाची छायाचित्रे मात्र प्रत्येकाने जपून ठेवावीत, आणि बदललेला जुना भाग आवर्जून परत मागून घ्यावा. पुराव्यासाठी त्याचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तो सेंटरमध्येच ठेवून येण्याची आपल्याला सवय आहे.

तरीही सिद्धतेची अडचण उरतेच. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद कायद्याच्या ३८व्या कलमात आहे. अशा प्रयोगशाळेला मान्यता देण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्र अभियांत्रिकीचे विभाग आहेत. बोर्ड तपासणे किंवा तडकलेल्या प्लॅस्टिकचे कारण सांगणे तेथील प्राध्यापकांच्या आवाक्याबाहेरचे नाही. संगणक आणि मोबाइल यांच्या दोषतपासणीसाठी राज्य सरकारने या महाविद्यालयाला रीतसर मान्यता द्यावी, तपासणीचे शुल्क माफक ठेवावे आणि ते गरजू तक्रारदाराच्या वतीने भरण्याची सोय करावी, अशी माझी मागणी आहे.

दुसरी मागणी नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याकडे आहे. राज्यात चालणाऱ्या प्रत्येक अधिकृत सर्व्हिस सेंटरने दुरुस्ती नाकारताना किंवा तिचे पैसे आकारताना कोणता भाग निकामी झाला, कशामुळे झाला आणि तो निष्कर्ष कशावरून काढला, हे ग्राहकाला कळेल अशा भाषेत, छायाचित्रासह लिहून द्यावे, यासाठी खात्याने कंपन्यांशी बोलणी करावी. गरज भासल्यास हा विषय केंद्राकडे न्यावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले, हे स्वागतार्ह पाऊल होते. पण पोर्टलवर माहिती असणे आणि काउंटरवर लेखी कारण मिळणे यांत मोठे अंतर आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकतानाच त्याच्या दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण ग्राहकाला दाखवावे लागतात. तशी व्यवस्था आपल्याकडे यायला वेळ लागेल, परंतु लेखी निदानासाठी कोणत्याही नव्या यंत्रणेची गरज नाही, फक्त जॉबशीटवर चार ओळी अधिक लिहाव्या लागतील.

एकाच मॉडेलच्या एकाच दोषाविषयी अनेकांची तक्रार असेल, तर ग्राहक समूहाचे हित बाधित होते म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. ज्या वाचकांच्या लॅपटॉपची बिजागरी कोणताही आघात न होता उखडली आहे किंवा ज्यांच्या यंत्रावर न सांडलेल्या पाण्याचा शेरा मारला गेला आहे, त्यांनी मॉडेलचे नाव, खरेदीची तारीख आणि जॉबशीटची प्रत यांसह आपले अनुभव या स्तंभासाठी पाठवावेत, आणि संपादक महोदयांनी ते मॉडेलवार एकत्र छापावेत, अशी विनंती आहे. पुरेशी प्रकरणे जमल्यास उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा करण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
डिचोली, गोवा