बाबूस, पोटदुखीबद्दल

डिचोली, गोवा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

"स्वादुपिंडाचा दोष जन्माचाच आहे, तर पथ्य कशाला पाळू?" असं तू फोनवर विचारलंस. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो.

गर्भात स्वादुपिंडाचे दोन भाग वेगळे वाढतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास एकत्र येतात. तुझ्या बाबतीत दोघांच्या नळ्या जुळल्याच नाहीत. एमआरसीपीच्या, म्हणजे त्या नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयच्या, फिल्मवर डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं होतं, आठवतं? ती मुख्य नळी पित्तनळीला आडवी ओलांडून आतड्यात उघडणाऱ्या वरच्या बारक्या तोंडाकडे गेलेली. बहुतेक सगळा रस त्याच तोंडातून उतरतो. तो तुंबला की स्वादुपिंड सुजतं.

पण शंभरात पाच-दहा जणांची ठेवण अशीच असते आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. म्हणजे नुसत्या ठेवणीने भागत नाही, आणखी काहीतरी भर पडावी लागते. कधी ती जनुकांतून येते, म्हणून ती तपासणी सांगितली आहे. जनुकं काही आपल्या हातात नाहीत. दारू आणि सिगारेट आहेत. काजूच्या हंगामात मित्र "उर्राकच तर आहे" म्हणतील. काजूची ती हलकी दारूही तुला नको, घोटभरसुद्धा नको.

लोकांना हे दुखणं म्हटलं की फेणीच आठवते. वाड्यावर एकाने आईला विचारलंच, "मुलगा घेतो काय?" आईने जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

चतुर्थीला नेवऱ्या कमी आणि पातोळ्या जास्त, असं तिने ठरवलंय. तळण नाही म्हणून खूश आहे. खोबऱ्यातही तेल असतं, हे मी अजून तिला बोललेलो नाही.

एन्डोस्कोपीने ते बारकं तोंड कापून रुंद करता येतं. पण कधी कधी त्यानेच पुन्हा सूज येते, आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही. म्हणून मला आत्ताच घाई नको वाटते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तूच विचार, शरीर तुझं आहे.

बेंबीच्या वर दुखून कळ पाठीत गेली आणि पुढे वाकून बसावंसं वाटलं, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन खोलीत पडून राहू नकोस. थेट कॅज्युअल्टीत जा, आधीची फाईल दाखव, लायपेज ही स्वादुपिंडाच्या सुजेची रक्ततपासणी करायला सांग. रात्र असली तरी रूममेटला उठव. फाईलची झेरॉक्स रविवारच्या बसने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतोय, ती कपाटात न टाकता बॅगेत ठेव.

तुझा,
बाबा