पत्र लिहून देणारा माणूस

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर म्हणालास, "मालिकांत अडकलेला नट तिथंच संपतो." नेहमीप्रमाणे मला उत्तर फोन ठेवल्यावर सुचलं, म्हणून हे पत्र.

काल रात्री इरफान खानचा 'द लंचबॉक्स' पुन्हा पाहिला. आपले डबेवाले असा डबा चुकवणारच नाहीत म्हणून तू तेव्हा भांडला होतास, तोच. मला मात्र त्या चुकून आलेल्या डब्यातली चिठ्ठी तो कशी वाचतो, ते पाहायचं होतं. तो चेहऱ्यानं जवळजवळ काहीच करत नाही, तरी चिठ्ठीतली कुठली ओळ त्याला लागली ते कळतं.

आता गंमत बघ. त्याचा पहिला चित्रपट 'सलाम बॉम्बे', १९८८चा. त्यात तो रस्त्यावर बसून लोकांची पत्रं लिहून देतो. छोट्या कृष्णाचं आईला धाडायचं पत्रही तोच लिहून घेतो. काम मिनिटभराचं. दिग्दर्शिका मीरा नायरनं आधी मोठी भूमिका देऊ केली होती, ती ऐनवेळी गेली. त्या रात्री तो रडला होता, हे त्यानंच पुढे सांगितलं. लोकांची पत्रं लिहिण्यापासून स्वतःला आलेली चिठ्ठी वाचण्यापर्यंत २५ वर्षं!

मधली बरीच वर्षं टीव्हीची. 'भारत एक खोज', 'चाणक्य', 'बनेगी अपनी बात'. आणि 'चंद्रकांता' आठवते? रविवारी सकाळी आपण क्रूरसिंगचं 'यक्कू' ओरडत चाळ डोक्यावर घ्यायचो. त्याच मालिकेत बद्रीनाथ होता तो. आपलं लक्षही नव्हतं! तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. कंटाळून अभिनय सोडायच्या विचारात होता. मग २००१मध्ये आसिफ कपाडियाचा 'द वॉरियर' आला, पाठोपाठ 'हासिल', 'मकबूल'. २००६मध्ये मीरा नायरनंच त्याला 'द नेमसेक'मध्ये घेतलं. जुनी उधारी फिटली म्हणायची. 'पानसिंग तोमर'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हॉलिवूडचं मी सांगत नाही, ते तुला पाठ आहे. माझ्या मते त्या मालिकांनीच त्याला घडवलं. रोज पानंच्या पानं संवाद म्हटल्यावर माणसाला न बोलण्याची किंमत कळत असावी.

वडिलांचा टायरचा धंदा, बालपण राजस्थानात, आणि डोक्यात क्रिकेट. सी. के. नायडू स्पर्धेसाठी निवड झाली होती, पैशाअभावी जाता आलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिरला त्याच सुमारास वडील गेले, शिष्यवृत्तीवर शिकला.

२०१८मध्ये दुर्मीळ कर्करोग निघाला, उपचारांसाठी लंडनला गेला. तिथून त्यानं लोकांसाठी पत्र लिहिलं. या वेळी स्वतःचं. २०२०च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, जयपूरला आई गेली. त्याला जाता आलं नाही. चार दिवसांनी, २९ तारखेला, मुंबईत तोही गेला. वय ५३.

ते पत्र शोधून वाच. रुग्णालयासमोरच क्रिकेटचं लॉर्ड्स मैदान होतं. वेदनेतच त्याला हसऱ्या व्हिव्हियन रिचर्ड्सचं पोस्टर दिसलं. लहानपणी ज्यासाठी जीव टाकला, ते अगदी समोर. तो लिहितो, काहीच वाटलं नाही. जणू ते जग कधी आपलं नव्हतंच.

इथं मी थांबलो होतो काल. पुढचं आज सकाळी वाचलं.

तुझा,
जुना शेजारी

ता. क. उत्तर लिहूनच धाड. पत्ता नीट घाल, नाहीतर भलत्याच घरी जायचं.